भरलेलें खळें, रिकामी थैली

पीक बुडालें म्हणजे शेतकरी बुडतो, हें सांगावयास कोणी पंडित नको. परंतु पीक उत्तम आलें असतांही शेतकरी कां बुडतो, हें मात्र सहज ध्यानांत येत नाहीं. मागें एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस गेलों असतां तेथील एका वृद्ध बंधूंनीं आम्हांस विचारलें, "पाळकसाहेब, दुष्काळ पडला तेव्हां आम्ही सोसलें. यंदा पाऊस वेळेवर झाला, कांदा मुठीएवढा पोसला, देवाचे आभार मानून गाडी भरून बाजारांत नेला, आणि परत आलों तों भाड्याचे पैसेही पदरचे गेले. आमचें चुकलें तरी कोठें?"

त्या दिवशीं आम्हीं जें उत्तर दिलें, त्यानें आमचेंच समाधान झालें नाहीं. "देवाची इच्छा" असें म्हणून हात जोडणें सोपें आहे. "दलाल लबाड" असें म्हणून बोट दाखविणेंही सोपें आहे. पहिल्या उत्तरानें देवावर नसता आरोप येतो. दुसऱ्यांत कधीं कधीं तथ्य असतें. परंतु उद्यां सर्व दलाल सज्जन झाले तरी ही आपत्ति समूळ टळणार नाहीं. तिचें मुख्य कारण निराळें आहे, व तें शेतांत शोधण्यापेक्षां शहरांतील स्वयंपाकघरांत शोधलें तर लवकर सांपडतें. म्हणून प्रस्तुत पाठाचा आरंभ आपण तेथूनच करूं.

१. पेठेंतील घर

हें आम्ही पुण्याच्या शनिवार पेठेंत बसून लिहीत आहों. येथील शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणांत एके काळीं शहराची भाजीमंडई उघड्यावर भरत असे. १८८६ सालीं ती शुक्रवार पेठेंतील नव्या दगडी इमारतींत गेली. त्या इमारतीस मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव दिलें होतें. नगरपालिकेचे सभासद असतां जोतीराव फुले यांनीं ज्या मंडईच्या खर्चास विरोध केला होता, तिलाच पुढें महात्मा फुले यांचें नांव मिळालें. नंतर घाऊक बाजार तेथूनही उठून गुलटेकडीस गेला. बाजाराची जागा अशी दोनदां बदलली. परंतु पेठेंतील गृहिणी पिशवी घेऊन निघते तेव्हां तिच्या मनांतील हिशोब होता तसाच आहे.

चार माणसांचें एक घर घ्या. त्या घरास आठवड्याला दोन किलो कांदा लागतो. भाव किलोस २० रुपये असतां ४० रुपये खर्च होतात. आतां भाव उतरून १० रुपये झाला, तर तें घर चार किलो कांदा खाईल काय? मुळींच नाहीं. आमटी तेवढीच, भाजी तेवढीच, खाणारीं तोंडेंही तेवढींच. फार तर एक दिवस भजीं होतील व दोनाऐवजीं सव्वादोन किलो कांदा घेतला जाईल. त्याचे साडेबावीस रुपये झाले. उलट भाव चढून ४० रुपये झाला, तर गृहिणी कुरकुरेल, कोशिंबीर बंद करील, परंतु फोडणीस कांदा हवाच. ती पावणेदोन किलो घेईल व ७० रुपये मोजील.

हे आंकडे आम्हीं समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्येकानें आपल्या घराचा हिशोब घालून पाहावा. परंतु त्यांतील गोम सर्वत्र एकच आढळेल. भाव अर्धा झाला असतां घरानें कांदा थोडासाच अधिक घेतला आणि कांद्यावरील त्याचा खर्च जवळजवळ अर्ध्यावर आला. भाव दुप्पट झाला असतां त्यानें कांदा थोडासाच कमी घेतला आणि पैसे पुष्कळ अधिक दिले. घराचा जो खर्च, तोच बाजारांत जाणारा सर्व पैसा. आणि त्यांतूनच शेवटीं शेतकऱ्याच्या वांट्यास काय यावयाचें तें येतें. एवढें ध्यानांत ठेवून पुढें जाऊं.

२. लवचीक मागणी व ताठर मागणी

भाव बदलला असतां लोकांची मागणी किती बदलते, ह्या मापास अर्थशास्त्रांत मागणीचा लवचीकपणा म्हणतात. इंग्लंडांतील केंब्रिज येथील अध्यापक आल्फ्रेड मार्शल यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ही कल्पना नीट मांडून दाखविली, व तेव्हांपासून ती रूढ झाली आहे. ओला वेत थोड्या जोरानें पुष्कळ वांकतो; वाळलेलें लांकूड पुष्कळ जोर लावला तरी थोडेंच वांकतें. मागणीचेंही तसेंच आहे. भाव शेकडा १० नीं उतरला असतां खप शेकडा १० हून अधिक वाढला, तर मागणी लवचीक समजावी. खप शेकडा १० हून कमी वाढला, तर ती ताठर समजावी.

ह्यावरून विक्रीच्या उत्पन्नाचा नियम निघतो. मागणी लवचीक असेल तर माल स्वस्त झाल्यानें एकूण पैसा अधिक येतो, कारण वाढलेला खप भावाची तूट भरून काढतो. मागणी ताठर असेल तर माल स्वस्त झाल्यानें एकूण पैसा कमी येतो, कारण खप फारसा वाढतच नाहीं.

आतां कोणत्या वस्तूची मागणी ताठर? जिच्यावांचून भागत नाहीं, जिच्या जागीं दुसरी चालत नाहीं, आणि जिच्यावर घरखर्चाचा लहानसाच भाग पडतो, तिची. मीठ हें ह्याचें ठळक उदाहरण होय. मीठ निम्म्या किंमतीस मिळूं लागलें म्हणून कोणी आमटी खारट करीत नाहीं. धान्य, कांदा, बटाटा हीं मिठाइतकीं ताठर नसलीं तरी त्याच वर्गांतलीं आहेत. द्राक्षें, डाळिंबें, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी ह्यांची गोष्ट कांहींशी वेगळी आहे. द्राक्षें स्वस्त झालीं म्हणजे ज्या घरांत तीं एरवीं येत नसत, त्या घरांतही येऊं लागतात. म्हणून फळांची मागणी अधिक लवचीक असते. तथापि फळ नाशवंत असल्यामुळें बागाइतदारास दुसरी चिंता असतेच.

ह्याशीं जुळणारी आणखी एक गोष्ट आहे. जर्मनींतील एर्न्स्ट एंगेल ह्या संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालीं कुटुंबांचे खर्च तपासून असें दाखविलें कीं, घराची मिळकत जसजशी वाढते, तसतसा अन्नावर होणाऱ्या खर्चाचा हिस्सा घटत जातो. पगार दुप्पट झाला म्हणून कोणी दुप्पट भाकरी खात नाहीं. तो घड्याळ घेतो, दुचाकी घेतो, मुलांस मोठ्या शाळेंत घालतो. सबब देश श्रीमंत होत जातो तेव्हां त्या श्रीमंतीचा ओघ आपोआप शेताकडे वळत नाहीं. आधीं शहराचें घर भरतें, आणि शेतकऱ्यास तें दुरून पाहावें लागतें.

३. इंग्लंडांतील एक जुना हिशोब

हा अनुभव नवा नाहीं. चार्ल्स डॅव्हेनंट ह्या इंग्रज लेखकानें १६९९ सालीं धान्याच्या भावाविषयीं एक हिशोब छापला. तो ग्रेगरी किंग ह्या त्याच्या समकालीन गणितज्ञाच्या नांवानेंही ओळखला जातो. त्यांत असें सांगितलें आहे कीं, पीक नेहमींपेक्षां एक दशांशानें घटलें तर भाव तीन दशांशांनीं चढतो. दोन दशांशांनीं घटलें तर आठ दशांशांनीं. तीन दशांशांनीं घटलें तर सोळा दशांशांनीं. आणि पीक निम्म्यावर आलें तर भाव साडेपांच पट होतो.

हेंच आपल्या मापानें मांडून पाहूं. नेहमींचें पीक १०० क्विंटल व भाव १०० रुपये धरला, तर :

१०० क्विंटल, भाव १०० रुपये : एकूण १०,००० रुपये.
९० क्विंटल, भाव १३० रुपये : एकूण ११,७०० रुपये.
८० क्विंटल, भाव १८० रुपये : एकूण १४,४०० रुपये.
७० क्विंटल, भाव २६० रुपये : एकूण १८,२०० रुपये.

माल कमी झाला आणि त्याचा एकूण पैसा वाढला! हा हिशोब म्हणजे सृष्टीचा अढळ नियम नव्हे. प्रत्येक पिकाचें व प्रत्येक काळाचें प्रमाण निराळें असतें. परंतु अन्नाची मागणी ताठर असते हें तीनशेंहून अधिक वर्षांपूर्वींही विचारी माणसांस दिसलें होतें, एवढें त्यावरून सिद्ध होतें. हीच शिडी उलट उतरत गेलें म्हणजे आमच्या वृद्ध बंधूंचा अनुभव येतो : माल वाढतो आणि पैसा घटतो.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. दुष्काळ हा शेतकऱ्यास लाभदायक असतो असा ह्याचा अर्थ नव्हे. वर दाखविलेला वाढीव पैसा साऱ्या बाजाराचा आहे. तो ज्याच्याजवळ विकावयास माल उरला आहे त्यालाच मिळतो. ज्याची विहीर आटली व शेत करपलें, त्यास चढा भावही नाहीं आणि मालही नाहीं. उलट त्यालाच तें महाग धान्य विकत घेऊन खावें लागतें. म्हणजे कोरडवाहू शेतकरी टंचाईंत एका कारणानें मरतो आणि सुकाळांत दुसऱ्या कारणानें.

४. बांधावरचा हिशोब

आतां आपण शेताकडे परत येऊं. समजा, एका शेतकऱ्यास १०० क्विंटल कांदा होतो व क्विंटलला १,००० रुपये भाव मिळतो. विक्री एक लाखाची झाली. बी, खत, पाणी व लावणी ह्यांचा खर्च ५०,००० रुपये. काढणी, गोणी, गाडीभाडें व हमाली ह्यांचा खर्च क्विंटलमागें ३०० प्रमाणें ३०,००० रुपये. हातीं २०,००० रुपये राहिले.

पुढील वर्षीं सर्वांसच चांगलें पीक आलें. ह्या शेतकऱ्यासही १२० क्विंटल कांदा झाला. परंतु भाव ६०० रुपयांवर आला. विक्री ७२,००० रुपयांची. लागवडीचा खर्च पूर्वींचाच ५०,००० रुपये. माल अधिक, म्हणून काढणी व वाहतूक अधिक : ३६,००० रुपये. एकूण खर्च ८६,००० रुपये झाला. ज्या वर्षीं काम वाढलें, पीक वाढलें, त्याच वर्षीं १४,००० रुपये अंगावर आले. येथें शेतकऱ्याची कसूर कोठेंच दिसत नाहीं.

याहून वाईट गोष्ट अशी कीं, शहरांतील भाव थोडा उतरला तरी बांधावरचा भाव पुष्कळ कोसळतो. शनिवार पेठेंत कांदा २० रुपये किलो विकला जातो व त्यांतले १० रुपये शेतकऱ्यास मिळतात असें धरूं. मधले १० रुपये गाडीभाडें, हमाली, तोलाई, अडत, नासधूस आणि किरकोळ विकणाऱ्याची मजुरी ह्यांत जातात. माल वाढला म्हणून पेठेंतील भाव १५ वर आला. मधला खर्च कमी होत नाहीं, कारण गोणीचें वजन तेंच आणि गाडीचा रस्ताही तोच. मग शेतकऱ्यास राहिले ५ रुपये. गृहिणीस कांदा चौथाईनें स्वस्त झाला. शेतकऱ्याचा भाव निम्म्यावर आला. पेठेंतील भाव ११ झाला तर शेतकऱ्याच्या हातीं एक रुपया.

ही कल्पना नव्हे. २०२३ सालच्या फेब्रुवारींत सोलापूरच्या बाजारांत बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्यास किलोला एक रुपया भाव मिळाला. वाहतूक, हमाली व तोलाई वजा जातां त्याच्या हातीं दोन रुपयांचा धनादेश पडला. ती बातमी देशभर छापून आली व लोक हळहळले. परंतु पांच क्विंटल कांदा पिकवून दोन रुपये कसे उरतात, ह्याचें गणित फार थोड्यांनीं मांडून पाहिलें. वर दिलेलें गणित तेंच आहे.

५. एकट्याचा शहाणपणा व सर्वांचें नुकसान

कोणी विचारील, "मग शेतकरी कमी कां पेरीत नाहीं?" ह्या प्रश्नांतच सारें कोडें आहे. एकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याच्या चार गोण्यांनीं लासलगांवचा किंवा चाकणचा भाव हलत नाहीं. त्यानें अर्धा माल आणला तरी भाव तोच, आणि दुप्पट आणला तरी तोच. म्हणून जेवढें अधिक पिकेल तेवढें बरें, असें त्यास वाटतें. आणि एकट्यापुरतें तें खरेंही आहे. परंतु हाच शहाणपणा लक्षावधि शेतकऱ्यांनीं एकाच हंगामांत केला म्हणजे साऱ्या बाजारांत पूर येतो आणि ताठर मागणीच्या भिंतीवर तो आपटतो. प्रत्येकाचें गणित बरोबर, आणि सर्वांची बेरीज चूक!

त्यांत काळाची अडचण असते. पेरणी आजच्या भावाकडे पाहून होते, आणि विक्री चार-सहा महिन्यांनंतरच्या भावानें. २०१५ सालीं तूरडाळ किरकोळ बाजारांत किलोला सुमारें २०० रुपयांपर्यंत गेली. तो भाव पाहून २०१६ च्या खरिपांत शेतकऱ्यांनीं तुरीचा पेरा वाढविला. पाऊसही चांगला झाला. त्या हंगामास सरकारनें बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये आधारभाव जाहीर केला होता. बाजारभाव त्याच्याही खालीं गेला, आणि २०१७ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. टोमॅटोचें फिरणें तर ह्याहून जलद. २०२३ च्या मे महिन्यांत भाव नाहीं म्हणून शेतकऱ्यांनीं टोमॅटो फेंकून दिले; पुष्कळांनीं बागा मोडल्या. जुलैंत माल कमी पडला व शहरांत किलोचा भाव १०० रुपयांच्या वर गेला. त्या वेळीं जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवच्या बाजारांत ज्यांचा माल होता त्यांस चांगला पैसा मिळाला. तें ऐकून इतरांनीं लागवड केली, आणि सप्टेंबरांत भाव पुन्हां कोसळला. महाग भावानें पेरा वाढतो, वाढलेल्या पेऱ्यानें भाव पडतो, पडलेल्या भावानें पेरा घटतो, आणि घटलेल्या पेऱ्यानें भाव चढतो. हें रहाट असेंच फिरत राहतें.

६. ठरलेलें देणें

भाव असा वरखाली होत असतां शेतकऱ्याचें देणें मात्र ठरलेलें असतें. हप्ता, व्याज, वीजबिल, मुलांची फी ह्यांपैकीं कांहींच भावाबरोबर उतरत नाहीं. आपल्या पुणें जिल्ह्यानें ह्याचा कडू अनुभव फार पूर्वीं घेतला आहे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें व तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाचे भाव चढले. दख्खनांतील रयतेस सावकार सढळ हातानें कर्ज देऊं लागले. युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हां बाजारांत आला आणि भाव उतरले. कर्ज मात्र उतरलें नाहीं आणि सरकारचा रोख साराही उतरला नाहीं. शेवटीं १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांवर उठाव केला व कर्जाचीं खतें जाळलीं. तो वणवा आसपासच्या गांवांत पसरला. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. आणि महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहून त्या दैन्याचें चित्र जगापुढें ठेविलें.

ह्याच जिल्ह्यांतील चाकण येथें १९८० सालीं शरद जोशी व त्यांची शेतकरी संघटना यांनीं कांद्याच्या भावासाठीं मोठें आंदोलन केलें. उत्पादनखर्चावर आधारलेला भाव मिळाला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. १८७५ सालचा राग कर्जाच्या कागदावर होता, १९८० सालचा भावाच्या पाटीवर. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट होती : भाव पडतो व देणें तसेंच राहतें.

७. उपाय व त्यांच्या मर्यादा

आतां उपायांचा विचार करूं. मात्र कोणताही एकच उपाय रामबाण आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

पहिला उपाय सांठवणुकीचा. कांद्याचें मोठें पीक रब्बीचें असतें. तें मार्च ते मे ह्या काळांत निघतें व चांगल्या चाळींत दिवाळीच्या सुमारापर्यंत टिकूं शकतें. परंतु चाळींतही वजन घटतें, कोंब येतात, कांदा सडतो. चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक वायां जातो. शिवाय ज्याच्या दारीं देणेकरी उभा आहे, त्याला थांबतां येत नाहीं. म्हणून चाळीबरोबर थांबण्याची ऐपतही हवी. तूर, सोयाबीन, हरभरा अशा टिकाऊ मालावर बाजार समित्यांमार्फत तारण कर्ज मिळण्याची योजना महाराष्ट्रांत आहे. तींत मालाच्या किंमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंत रक्कम मिळते. पुष्कळ गांवांस ही योजना ठाऊकच नसते. ती विचारून घ्यावी.

सांठवणुकीचा विषय निघाला म्हणजे आमच्या वाचकांस योसेफाची आठवण होईल. सुकाळाच्या सात वर्षांत त्यानें पिकाचा पांचवा हिस्सा राखून ठेविला व दुष्काळांत देश वांचविला, हें उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायांत आहे. परंतु ४७ वा अध्यायही वाचावा. त्याच धान्याच्या मोबदल्यांत लोकांचीं गुरें आणि मग त्यांच्या जमिनीही फारोच्या झाल्या. कोठार भरलेलें असावें हें खरें. पण त्याची किल्ली कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ती शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या हातीं असली तर बरी.

दुसरा उपाय नवीं गिऱ्हाइकें मिळविण्याचा. पेठेंतील घर ताठर असलें तरी जग मोठें आहे. परदेशीं माल जाऊं लागला म्हणजे एकूण मागणी अधिक लवचीक होते व पुराचें पाणी वाहून जावयास वाट मिळते. परंतु ही वाट वारंवार अडविली जाते. २०१९ व २०२० ह्या दोन्ही वर्षीं सप्टेंबरांत कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. २०२३ च्या फेब्रुवारींत एका शेतकऱ्याच्या कांद्यास किलोला एक रुपया भाव मिळाला, हें वर आलेंच आहे. त्याच वर्षीं ऑगस्टांत भाव चढूं लागतांच निर्यातीवर शेकडा ४० कर बसला आणि ८ डिसेंबरास पूर्ण बंदी आली. ती ४ मे २०२४ रोजीं उठली, आणि उरलेला कर १ एप्रिल २०२५ पासून गेला. शहरांतील गरिबाची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्यच आहे. परंतु ज्या धंद्यांत चार वाईट वर्षांचें नुकसान एका चांगल्या वर्षानें भरून निघावयाचें असतें, तेथें तें एक वर्षही कापून घेतलें तर भरपाई कोठून व्हावी?

तिसरा उपाय माल कमी करण्याचा. १९३३ सालीं अमेरिकेच्या सरकारनें शेतकऱ्यांस पैसे देऊन कापसाचें उभें पीक नांगरावयास लाविलें. त्याच दशकांत ब्राझीलनें भाव राखण्यासाठीं कॉफीचीं लक्षावधि पोतीं जाळलीं. हिशोबाच्या दृष्टीनें तें बरोबर असेल; परंतु भुकेलेला शेजारी असतां अन्नाचा नाश करणें आमच्या मनास पटत नाहीं. नाश करण्यापेक्षां आधींच विचार करून पेरणें बरें. गांवांतील मंडळी, तरुण मंडळ किंवा सोसायटी ह्यांनीं पेरणीपूर्वीं एकत्र बसून इतकें तरी विचारावें : यंदा किती घरें कोणतें पीक घेणार? बियाण्याच्या दुकानीं कशासाठीं गर्दी आहे? ज्या बियाण्यासाठीं रांग लागली आहे, त्या पिकाचा भाव सहा महिन्यांनीं काय होईल, ह्याचा अंदाज त्या रांगेंतच दिसतो. अर्थात् एका गांवानें साऱ्या देशाचा पेरा आवरतां येत नाहीं. परंतु आपण पुरांत किती खोल जावें, एवढें तरी त्यास ठरवितां येतें.

चौथा उपाय घरचाच आहे. एकाच पिकावर सारा संसार टांगूं नये. थोडें धान्य, थोडें कडधान्य, दोन दुभतीं जनावरें, आणि भाजी लावावयाची ती एकदम न लावतां टप्प्याटप्प्यानें. ह्यानें मोठा लाभ हुकेल, पण मोठा घातही टळेल.

८. शहरांतील बंधुभगिनींस

शेवटीं शहरांत राहणाऱ्या वाचकांशीं दोन शब्द. कांदा ८० रुपये झाला म्हणजे आपण सर्वत्र त्याचीच चर्चा करितों; तो ८ रुपये झाला म्हणजे गप्प बसतों. पेठेंतील घरास स्वस्ताईंत आठवड्याला पंधरा-वीस रुपये वांचतात. तेवढ्यानें त्या घराचें भाग्य उजळत नाहीं. परंतु तेच रुपये लक्षावधि घरांतून गोळा होऊन जेव्हां शेताकडे जात नाहींत, तेव्हां गांवांत एखाद्या मुलीची शाळा सुटते व एखादें शेत गहाण पडतें. शहरांतील माणसानें उदार व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. भाव उदारतेनें ठरत नाहीं. त्यानें एवढेंच समजून घ्यावें कीं आपली स्वस्ताई कोणाच्या तरी अंगावर पडते, आणि महागाईच्या महिन्यांत शेतकऱ्यास लुटारू म्हणूं नये.

आणि त्या वृद्ध बंधूंस आमचें उत्तर असें आहे : दादा, आपलें एकट्याचें कांहीं चुकलें नाहीं. आपण उत्तम पीक काढलें, तें पाप नव्हे व मूर्खपणाही नव्हे. देव कोपला नाहीं. पाऊस दिला, पीक दिलें. तें वांटून घेण्याची रीत मात्र माणसांची आहे, आणि ती माणसांनींच सुधारावयाची आहे. जें एकट्यास साधत नाहीं तें दहा जणांनीं मिळून करून पाहावें. पुढील हंगामाचें बी घेण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसा, आणि तो काय पेरणार आहे तें विचारा. आरंभ तेवढ्यानेंही होतो.

मंडळींत विचार करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या घरीं कोणत्या वस्तूची मागणी ताठर आहे व कोणतीची लवचीक? गेल्या महिन्याचा खर्च पाहून सांगा.
२. पीक एक दशांशानें घटलें असतां एकूण पैसा कसा वाढतो, तें हिशोब मांडून दाखवा. तो पैसा कोणास मिळतो व कोणास मिळत नाहीं?
३. शहरांतील भाव चौथाईनें उतरला असतां शेतकऱ्याचा भाव निम्म्यावर कां येतो?
४. आपल्या गांवांत यंदा कोणतें पीक सर्वांत अधिक लावलें जात आहे, आणि कां?
५. माल सांठविण्यासाठीं व थांबण्यासाठीं आपल्या गांवीं काय सोय आहे, आणि कोणती करतां येईल?